सुनेची खडप

वेळशीच्या खाडीत, धक्क्याच्या डावीकडे जी सपाट काळी खडप, म्हणजे पाण्यालगतचा खडक, दिसते, तिला सुनेची खडप म्हणतात. ही सून कोणाची, असं पाहुण्यांनी विचारलं की गावचे म्हातारे जयराम तांडेल सांगू लागतात.

नागूबाय नावाची एक कोळीण होती. तिचा एकुलता एक मुलगा पोशा सुकी मासळी विकायला घाटावर गेला आणि येताना लग्न करूनच आला. सून भागी. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. आपल्याला न विचारता घरात आलेली ही पोर नागूबायच्या डोळ्यांत सलायची.

एका सकाळी जाळ्यात शिंगाळेच शिंगाळे आले. दोघी या खडपेवर मासळी निवडायला बसल्या. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या पराला आणि कुशीच्या दोन परांना एकेक करवती काटा असतो. पोहताना याच परांनी तो तोल धरतो, वळतो. पण घाबरला की काटे ताठ उभे करतो, आणि ते मेल्यावरही मिटत नाहीत. भागीने एका निपचित माशाकडे हात नेला. नागूबायने पाहिलं. 'थांब' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता, म्हणे. तिने तो गिळला. एकदा टोचलं की शिकेल आपोआप, असं तिला वाटलं.

काटा तळहातात रुतला आणि आतच मोडला. भागी कळवळली, पण सासूसमोर रडली नाही. त्याच हाताने तिने उरलेली मासळी मिठात घातली. हात कोपरापर्यंत सुजला, मग काळानिळा पडला. वैद्याचं काही चाललं नाही.

तापात तिने विचारलं, "आत्याबाई, मी चुकीचं धरलं का हो?"

"नाय गो बाय," नागूबाय म्हणाली, "मीच तुला सांगला नाय."

हे भागीच्या कानी गेलं की नाही, कुणास ठाऊक. दारात उभ्या पोशाने मात्र ऐकलं. तिची राख घेऊन तो घाट चढला, तो परत आलाच नाही.

पुढे नागूबाय रोज खडपेवर बसायची. गावात नवी सून आली की तिला बोलवायची, आधी आपलं पाप सांगायची आणि मग मासा कसा धरायचा ते दाखवायची. मरेपर्यंत तिने हेच केलं, असं सांगतात.

आजही वेळशीत नव्या सुनेला सासू आधी इथे आणते. शिंगाळ्यावर जाड फडकं टाकून डोकं दाबायला लावते आणि कोयत्याने तिन्ही काटे मुळाशी मोडून घेते. तोवर सुनेला चुलीपाशी नेत नाहीत. नागूबायचं घर तिच्याबरोबरच संपलं. ते कुठे होतं, हे आता तांडेलांनाही दाखवता येत नाही.