अडुसष्ट जणांचं ‘हो’

“...मग सगळे ‘हो’ का म्हणतात?”

डॉ. गजानन उपळेकर विहिरीच्या काठावर बूट घालूनच उभे होते. समोर दस्तगीरचाचा उकिडवे बसून पांगाऱ्याच्या हलक्या लाकडांचा बिंडा बांधत होते. त्यांनी वर मानसुद्धा केली नाही.

“कोण म्हणतं हो?”

“माझा वर्ग. अडुसष्ट मुलं. मुद्दा संपला की मी विचारतो, समजलं? सगळे एका आवाजात म्हणतात, हो सर. आणि पेपरात एकसष्ट नापास! आता सांगा, यात माझी चूक काय?”

चाचांनी दोराची गाठ दातांनी आवळली.

“मी काय विचारतोय?”

“ऐकलं की मास्तर.”

“प्राध्यापक,” सर म्हणाले.

“बरं.”

उपळेकरसर तालुक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात बावीस वर्षं द्रवयांत्रिकी शिकवत होते. पाणी कसं वाहतं, कसं दाबतं, वस्तू का तरंगते. नोट्स पहिल्या वर्षी काढलेल्या, त्याच. आधी त्या वहीतून फळ्यावर जायच्या, आता पडद्यावर जात. फरक एवढाच.

कसं शिकवावं हे शिकवणाऱ्या कार्यशाळांना मात्र त्यांचा एकही खाडा नव्हता. मागच्या रांगेत बसायचं, चहा कधी येतो ते बघायचं, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र घेऊन फोटोत उभं राहायचं. मागच्या वर्षी तर एका थोर माणसाने ‘व्याख्यान देऊ नका, मुलांना बोलतं करा’ या विषयावर सलग तीन तास व्याख्यान दिलं. पन्नास प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. एकालाही हसू फुटलं नाही. उपळेकरसरांनी घरी येऊन अकरावं प्रमाणपत्र काचेत बसवलं.

आणि या महिन्यात मुलांनी अर्ज दिला. आम्हाला दुसरे सर द्या. खाली अडुसष्ट सह्या.

सोमवारी प्राचार्य आणि बाहेरची दोन माणसं वर्गात मागे बसणार होती. तास फसला तर विषय जाणार. बावीस वर्षांचा विषय, काल-परवा रुजू झालेल्या मॅडमना.

ग्रंथालयातल्या नाईकनवरे बाई फार बोलायच्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या. “सर, माझी आई पंचावन्नाव्या वर्षी पोहायला शिकली. आमच्या गावच्या दस्तगीरचाचांकडे. तुमचं बारावं प्रमाणपत्र राहू द्या. एकदा त्या माणसाला शिकवताना बघून या.”

म्हणून शनिवारी भर दुपारी सर वाघजाळीच्या या विहिरीवर आले होते. आणि चाचा शिकवत नव्हते. शाळेच्या परीक्षांचे दिवस. विहीर मोकळी होती.

चाचाही काही संत नव्हते. तोंडात तंबाखू, बोलणं तिरकस, आणि समोरचा किती शिकलेला आहे याची दमडीची फिकीर नाही. पण चाळीस वर्षांत त्यांच्या दोरावरचं एकही माणूस बुडालं नव्हतं.

“शिकवता काय तुम्ही?” चाचांनी विचारलं.

“पाणी.”

“आं?”

“म्हणजे पाण्याचं शास्त्र. वस्तू का तरंगते, का बुडते.”

“अरे वा! म्हणजे आपला एकच धंदा.” चाचा पहिल्यांदा हसले. “मग मला शिकवा. सत्तर वर्षं तरंगतोय, का तरंगतोय ते कुणी सांगितलं नाही.”

सरांना हेच हवं होतं. खिशात खडू होताच. पंपाच्या खोलीची भिंत समोर होती. त्यांनी बाह्या सारल्या आणि सुरुवात केली.

आकृती काढली. बाण काढले, खाली जाणारे, वर येणारे. सूत्र लिहिलं, त्याखाली ते कुठून आलं तेही लिहिलं. आवाज चढत गेला. खोटं कशाला बोला, शिकवण्यात चूक एकही नव्हती. भिंत फार छान शिकली असणार.

“समजलं?” सरांनी लिहिता लिहिताच विचारलं.

“हो!”

सरांनी समाधानाने मान हलवली. पुढचा बाण काढला. मग हात थांबला.

आवाज लांबून आला होता.

त्यांनी वळून पाहिलं. काठावर कुणी नव्हतं. चाचा पलीकडच्या बांधावर शेळी सोडवत होते.

“तुम्ही कधी गेलात?”

“पहिल्या बाणाला.”

“मग ‘हो’ कशाला म्हणालात?”

“तुम्ही विचारलंत म्हणून.”

सरांचे कान लाल झाले. वयाने मोठ्या, हुद्द्याने मोठ्या माणसांचं हे असंच असतं. प्रश्न असा विचारायचा की त्याला एकच उत्तर चालावं, आणि ते मिळालं की खूष व्हायचं.

“हा पोरखेळ झाला,” सर म्हणाले. “मी तुम्हाला शिकवताना बघायला आलोय.”

“आज शिकायला कुणी नाही.” चाचांनी शेळी झाडाला बांधली. “तुम्ही सोडून. पोहता येतं?”

सरांनी हातातला खडू खिशात ठेवला.

“मास्तर, पोहता येतं का?”

“...नाही.”

चाचा यावर हसतील असं सरांना वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी नुसता बिंडा पुढे केला.

“नऊ लाकडं आहेत यात. हा पाठीला असला की दगडसुद्धा बुडायचा नाही. माणूस तयार होत गेला की मी एकेक लाकूड काढतो. शेवटी पाठीवर नुसता दोर उरतो. मग तोही नाही. काढा कपडे.”

बावीस वर्षं पाणी शिकवणाऱ्या माणसाला यावर ‘नको’ म्हणता येत नाही. अभिमान मधे येतो. सर बनियन आणि चड्डीवर पायऱ्या उतरले. चाचांनी बिंडा पाठीवर आवळला, दोराचं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि शेवटच्या पायरीवर त्यांना थांबवलं.

“एक सांगून ठेवतो. पाण्याबाहेर ‘तुम्ही’. पाण्यात सगळे ‘तू’.”

आणि ढकललं.

पाणी थंड होतं. नाकात गेलं, कानात गेलं. सर वर आले, बिंड्याने आणले. हात पाय चारी दिशांना.

“चाचा! आता काय करू?”

चाचांनी त्यांच्याकडे पाठ केली.

विहिरीच्या दगडी भिंतीकडे तोंड करून त्यांनी ओल्या बोटाने चित्र काढायला घेतलं. “हे बघ. हा माणूस. हे त्याचे हात. हात असा पुढे जातो, पाणी असं मागे...”

“चाचा, इकडे बघा!”

“...पाय बेडकासारखे. आखडायचे, मग झाडायचे. मान पाण्याच्या वर. श्वास...”

“अहो, मला जमत नाहीये!”

“...श्वास वर आल्यावर घ्यायचा. आता हे दुसरं चित्र.”

सर गोल फिरत होते. एक पाय दोरात अडकला होता. तोंडात पाणी, डोळ्यांत पाणी. चाचा सांगत होते ते शब्द न् शब्द बरोबर होतं आणि त्यातलं एक अक्षर त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. समोर फक्त एक पाठ होती. काळी, सुरकुतलेली, अगदी शांत पाठ.

“समजलं?” चाचांनी भिंतीलाच विचारलं.

“हो! हो! समजलं!” सर ओरडले. “हो म्हटलं ना! आता बाहेर काढा!”

चाचांचं बोट भिंतीवर थांबलं.

सरांचे हातही थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या कानांनी आत्ता ऐकलं होतं. आवाज त्यांचाच होता, पण रोज ऐकलेला होता. दुपारी बाराच्या तासाला, पंख्याच्या घरघरीत, अडुसष्ट तोंडांतून.

विहिरीत कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

हातपाय मारायचं थांबल्यावर सरांच्या लक्षात आलं की ते बुडत नाहीत. बिंडा होता. दोर होता, आणि तो ताणलेला होता. पाठ फिरवलेल्या म्हाताऱ्याने मनगट क्षणभरही सैल सोडलं नव्हतं. सरांनी अडकलेला पाय हळूच मोकळा केला.

“माझी एकसष्ट पोरं,” ते म्हणाले.

चाचांनी भिंतीवर पुन्हा बोट टेकवलं. “तर पाय बेडकासारखे. समजलं?”

सरांचं तोंड सवयीने उघडलं होतं. ‘हो’ जिभेवर आलेलंच होतं. चांगल्या मुलाचं उत्तर, सगळ्यांना लवकर घरी पोचवणारं.

“...नाही.”

“ऐकू आलं नाही.”

“नाही समजलं!”

आवाज दगडांवर आपटून गोल फिरला आणि वर निघून गेला. एवढ्या वर्षांत, एवढ्या कार्यशाळांत, एवढ्या मागच्या रांगांत बसून हे दोन शब्द सरांनी एकदाही उच्चारले नव्हते. बोलून झाल्यावर काही कोसळलं नाही. उलट छाती मोकळी झाली.

चाचा वळले.

तळव्याने त्यांनी भिंतीवरचं चित्र पुसून टाकलं आणि ते पायरी उतरून गुडघाभर पाण्यात आले. आता ते काहीच बोलत नव्हते. नुसते सरांच्या पायांकडे बघत होते. बराच वेळ. मग वाकून त्यांनी उजवा घोटा धरला, जरा बाहेरच्या बाजूला वळवला, आणि सोडला.

सरांनी पाय झाडला. ते हातभर पुढे गेले.

पुन्हा झाडला. पुन्हा गेले.

ऊन विहिरीच्या निम्म्यावर उतरेपर्यंत ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात राहिले. चाचा तेवढ्या वेळात चार शब्द बोलले असतील. त्यातले दोन शिव्या होत्या.

शेवटी सर पायरीला धरून थांबले. दम लागला होता. डोळे लाल, आणि चेहऱ्यावर बावीस वर्षांपूर्वीचं काहीतरी.

“उद्या पुन्हा येऊ? एखादं लाकूड काढाल?”

“उद्या नको.”

“मग सोमवारी वर्गात काय करू, तेवढं तरी सांगा. ते मागे बसणार आहेत, चाचा. विषय जाईल माझा.”

चाचांनी मनगटावरचा दोर सोडवला. पिळला. विहिरीच्या कडेवर वाळत घातला.

“सोमवारी वर्गातनं एक ‘नाही’ घेऊन ये. पहिलं लाकूड तेव्हा काढीन.”