शिवेवर अडलेला मरीआईचा गाडा

भक्तजनहो, त्या उन्हाळ्यात केवळनाथ महाराजांचा मुक्काम वडजाई गावी, ओढ्याकाठच्या चिंचेखाली होता. गावात पटकीची साथ शिरली होती. उलट्या-जुलाबांनी धडधाकट माणसं दिवसात आडवी होत होती.

खालच्या वस्तीतली चिमा महाराजांची भोळी भक्त. नवऱ्याला आदल्या दिवशीच माती दिलेली, आणि आता पोटची सारजा झोपडीत निपचित पडलेली. महाराज तिला म्हणाले, "बाई, ओढ्याचं पाणी पोरीला पाजू नकोस. विहिरीचं आण, उकळ, मीठ-गूळ घालून घोट घोट दे." पण आणायचं कुठून? विहीर एकच, गावाची. वस्तीला तिचा काठही शिवायची बंदी. वस्तीनं प्यायचं ते गावाची धुणी, गुरं धुऊन खाली आलेलं पाणी!

चिमा घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहिली. "पाटील, कुणीतरी वरून घागरीत पाणी वता. पोर जातीया माझी."

रावजी पाटील हसले. "तुझा बोवा एवढा सिद्ध ना? काठी आपटून पाझर फोड म्हणावं त्याला!" भोवतालचेही खदखदून हसले. लेकरू मरणाला टेकलेलं आणि यांना थट्टा सुचते! आग लागो असल्या पाटीलकीला!

पाटलांना घाई होती मरीआईच्या गाड्याची. साथ आली की देवीला गाड्यात बसवायचं आणि वाजतगाजत शिवेपलीकडे, टाकळखेडच्या हद्दीत लोटायचं, म्हणजे साथही तिकडे जाते, असा रिवाज. टाकळखेडकर काय खुळे होते? तेही गाडा परत लोटून द्यायचे. त्या दिवशी तर ते काठ्या घेऊनच शिवेवर उभे होते.

पण शिवेवर गाडा अडला. बैलांनी गुडघे टेकले. इकडून वडजाईच्या गड्यांनी रेटलं, तिकडून टाकळखेडकरांनी रेटलं, चाक तसूभर हलेना. वाजंत्री गप्प झाली. तेवढ्यात महाराज आले, मागोमाग रिकामी घागर घेतलेली चिमा.

महाराज म्हणाले, "तुम्ही तिकडं लोटता, ते इकडं लोटतात. धुणी धुऊन, गुरं धुऊन ओढा दोन्ही गावांनी नासवलात, आणि मधे मरते ती वस्ती. आई जाईल कशी? चिमा, तू हात लाव."

"हां! विटाळ होईल!" पाटील ओरडले.

चिमानं घागर कडेवर घेतली आणि दुसरा हात गाड्याला लावला. काय सांगावं नवल! गाडा फुलासारखा वळला, चढण चढला आणि थेट गावविहिरीपाशी जाऊन थांबला. ते पाहून पाटील पुढे झाले. त्यांनी स्वतः पोहरा सोडला, चिमाची घागर भरली. ती घरी धावली.

गाड्यामागून आलेल्या टाकळखेडकरांना महाराजांनी काठ्या खाली ठेवायला लावल्या. "कुदळी आणा. दोन्ही गावांनी मिळून ओढा उपसा, वस्तीला विहीर खणून द्या. तोवर ही विहीर सगळ्यांची." दोन्ही गावं राबली. साथ ओसरली. सारजा उठून बसली.

मग पाटील महाराजांच्या पायांवर पडायला आले. महाराज मागे सरले. "माझे पाय कशाला धरता? वस्तीत जा."

पाटील वस्तीत गेले. चिमापुढे त्यांनी पागोटं उतरवलं, डोकं जमिनीला टेकवलं. "माय, चुकलो."

 चिमा म्हणाली, "पोर वाचली, महाराजांची किरपा. पर पाणी तुमच्या हिरीत आधीबी हुतं, पाटील. माझा धनी का मेला?"