मेणाच्या कातडीचे चोर

एका राज्यात तुरुंग नव्हता. चोर धरला की धरणाऱ्या रखवालदाराने त्याला आपल्याच घरी न्यायचे, तळघरात उतरवायचे आणि वरून दार ओढून घ्यायचे. प्रत्येक तळघरात जुन्या मांत्रिकाने बांधून दिलेले आंबट पाण्याचे टाके होते. त्या पाण्यात चोर तीन दिवसांत विरघळे. चौथ्या दिवशी रखवालदार पुन्हा वेशीवर उभा राही. मदतीला हाक मारायची नाही, हा त्यांचा मान होता. हाक मारणाऱ्याच्या पगडीवरचा पिवळा पट्टा भर चौकात उतरवीत.

त्या राज्याचे आणि राजाचे अंग एकच होते. तटाचा दगड निखळला की राजाचा दात हले. याचे कुणाला नवल वाटत नसे.

उगवतीच्या वेशीवर मानाजी नावाचा रखवालदार होता. एका सकाळी त्याने सात चोर धरले. चोरांनी पगडीला रखवालदारांसारखेच पिवळे पट्टे बांधले होते, म्हणून आधीच्या तीन चौक्यांवर त्यांना घरचे समजून वाट दिली गेली. मानाजीने त्यांना चालीवरून ओळखले. धरल्यावर त्यांनी झटापट केली नाही. ते हसत त्याच्या मागे चालले, जणू त्यांना तिथेच जायचे होते. मानाजीने त्याचा विचार केला नाही. बायको केतकी माहेरी होती. घर मोकळे होते. त्याने दार ओढून घेतले.

त्या चोरांची कातडी मेणाची होती. आंबट पाणी त्यांच्या अंगावरून घरंगळून गेले. त्यांनी टाक्याकाठी चूल मांडली, मानाजीचे धान्य खाल्ले, त्याला गुंगी घातली. सातांचे सत्तर झाले. मानाजीने हाक मारली नाही. आधी मानामुळे, मग गुंगीमुळे.

केतकी आठव्या दिवशी परतली तेव्हा गवंडी घराभोवती भिंत पुरी करीत होते. रखवालदार चौथ्या दिवशी वेशीवर दिसला नाही तर घर बुजवायचे, ही तिथली रीत. दार ठेवले नाही. हवेसाठी बोटभर भोक तेवढे ठेवले.

त्या दिवसापासून राजाला सांजेचा बारीक ताप येऊ लागला.

बारा वर्षे गेली. केतकी रोज भिंतीला कान लावून बसे. आत खोकला ऐकू येई, म्हणजे नवरा जिवंत होता. पाणवठ्यावरच्या बायका म्हणत, भिंतीशी संसार करतेस. ती म्हणे, भिंत निदान दुसऱ्या गावाला जात नाही.

तेराव्या वर्षी राजाच्या थुंकीत रक्त आले. त्याच सकाळी भिंतीवर एक भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला.

"बाई, भिंत फोडू नकोस. चोर सुटतील, राजा मरेल."

"मग माझा माणूस बाहेर कसा येईल?"

पक्ष्याने तीन कामे सांगितली. पहिले, ज्वालाकुंडातला निखारा आणायचा. त्याने मेण वितळते. दुसरे, डोंगर चढून जाणाऱ्या नदीचे पाणी आणायचे. त्याने उसना पिवळा पट्टा धुतला जातो. तिसरे आणायचे नव्हते, करायचे होते. निखारा त्या पाण्यात विझवून त्यातले वाटीभर पाणी रोज पहाटे भोकातून ओतायचे. एकशेऐंशी दिवस.

"इतके दिवस कशाला?"

"झोपलेला चोर दगड असतो. त्याला काही लागत नाही. जागा होतो तेव्हाच मरतो, आणि प्रत्येकाची जाग वेगळी असते. शेवटचा एकशेऐंशीव्या दिवशी उठतो."

"एक दिवस चुकला तर?"

"उरलेल्याला पाण्याची चव कळते. मग ते पाणी त्याला कधीच लागत नाही."

केतकी निघाली. ज्वालाकुंडावर एक जोगीण बसली होती. तिने निखाऱ्याच्या बदल्यात नवऱ्याचा चेहरा मागितला. केतकीने दिला. त्या क्षणापासून मानाजीचे नाक कसे, कपाळ कसे, तिला काही आठवेना. नदीने घागरभर पाण्यासाठी त्याच्या हाताचा स्पर्श मागितला. तोही दिला. परतताना तिच्यापाशी मानाजीचा आवाज तेवढा उरला. तो ती वाटभर मनात घोळवीत आली.

तिने पाणी ओतायला सुरुवात केली. पलीकडच्या आळीत असेच एक घर बुजवलेले होते. त्या घरच्या सोनाईलाही तिने निम्मे पाणी दिले आणि दिवसांचा आकडा सांगितला.

शंभराव्या दिवशी सोनाईच्या भिंतीआडचा खोकला थांबला. नवऱ्याने आतून हाक मारली. सोनाईने कुदळ घेतली. नऊ दिवस त्या घरी गोडधोड झाले, पाणी ओतायचे राहिले. दहाव्या दिवशी तळघरातला एक दगड उठून बसला. सोनाईने त्याच्यावर पाणी फेकले. तो ते प्याला आणि अजून मागू लागला. गवंड्यांनी भिंत पुन्हा बांधली. या वेळी आत नवरा-बायको दोघे होते.

एकशेअठराव्या दिवशी केतकीच्या भिंतीआडचा खोकला थांबला.

"केतकी," आतून आवाज आला.

तोच आवाज.  तिने आधी वाटीतले पाणी भोकातून ओतले, मग बोलली.

"बोला."

"गुंगी उतरली माझी. चोर संपले. भिंत फोड."

"सगळे?"

"डोळ्यांना दिसतो असा एक नाही. नुसते दगड पडलेत."

"मग नाही फोडत."

तो रागावला. म्हणाला, बारा वर्षांत तुझ्या जिभेला चांगली धार आली. मग विनवू लागला. माहेराहून येताना तू काय नेसून आलीस ते मी पाहिलेच नाही, म्हणाला. तिने सांगितले, हिरवे लुगडे होते, आता त्याची वाकळ झाली. 

त्यानंतर तो रोज हाक मारी. ती रोज पाणी ओती, कपाळ भिंतीला टेकवी आणि नाही म्हणे. भिंत दीड हात जाडीची होती. एवढे जवळ ते बारा वर्षांत नव्हते, आणि एवढे दूरही नव्हते. काही दिवसांनी त्याने हाक मारणे सोडले. तिला ते जास्त जड गेले. ती पाणी ओतीत राहिली.

एकशेऐंशीव्या पहाटे तळघरात एक दगड कुशीवर वळला. जांभई ऐकू आली. केतकीने वाटी रिकामी केली. आत मेण जळाल्याचा वास सुटला आणि विरला.

त्या सांजेला राजाला ताप आला नाही.

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः पहार घेऊन आला. त्याने पहिला घाव घातला, बाकीचे गवंड्यांनी. मग त्याने सगळ्या रखवालदारांना चौकात बोलावून हुकूम केला, की यापुढे चोर धरताच आधी हाक मारायची. जो मारणार नाही त्याचा पट्टा उतरेल. सोनाईच्या घरातल्या चोराला आता ते पाणी लागत नव्हते, म्हणून वेगळा निखारा शोधायला माणसे धाडली. ती अजून परतलेली नाहीत.

भिंतीतून पांढऱ्या केसांचा एक माणूस बाहेर आला. केतकीने त्याला पाहिले. तिला तो ओळखू आला नाही.

"मी हाका मारल्या," तो म्हणाला. "तू आली नाहीस."

"नाही आले."

तो उन्हात बसला. खूप वेळाने त्याने भाकरी मागितली. तिने चूल पेटवली, भाकरी थापली, त्याच्यापुढे वाढली. तो मान खाली घालून जेवू लागला. ती समोर बसली आणि त्याचे कपाळ, नाक, हनुवटी एकेक करून पाठ करू लागली.