उत्तरेची भिंत

माळावर माणूस फिरकला नव्हता तेव्हाची गोष्ट. तिथल्या वारुळाचा मुकादम एक मुंगळा होता. कामावर मुंग्यांना बोलायला त्याची बंदी होती, पण गायला मोकळीक होती, कारण गाणं चढलं की त्यांची पावलं भरभर पडायची.

एके दिवशी मुंग्यांनी नवंच गाणं धरलं.

"उत्तरेची भिंत ओली, माती तिची सैल झाली!"

"वा, काय झकास चाल आहे!" मुंगळा म्हणाला. "अजून जोरात!"

मुंग्या जीव तोडून गायल्या. मुंगळा पाय आपटत राहिला.

तिसऱ्या दिवशी भिंत कोसळली आणि अंड्यांची खोली गाडली गेली.

"मला आधी कुणीच कसं सांगितलं नाही?" मुंगळा ओरडला.

म्हातारी ठकी मुंगी माती उकरता उकरता म्हणाली, "सांगत होतो की, मुकादम. तुम्ही ठेका धरला होतात."