नववी चिठ्ठी

"मग बाबा, देव नक्की कोणाच्या बाजूचा?"

पाटोळेबाबांनी लसणाची पाकळी सोलली आणि उजेडात धरून पाहिली. बाबा एक्याऐंशीचे. पाळकपद सोडून वीस वर्षं झाली, पण नगरकडच्या त्या खेड्यातला नवा पाळक अडला की अजून त्यांच्याच ओसरीवर येई.

नवा पाळक म्हणजे शिलास चक्रनारायण. आवाज असा, की याने इथे प्रार्थना आटोपली की नदीपलीकडच्या गावात 'आमेन' म्हणत. खोटं वाटत असेल तर त्या गावात जाऊन विचारा.

मंगळवारी ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि चर्चच्या मंडळीत कपबशी आणि शिट्टी या दोन निशाण्यांचे तट पडले होते. शिलास कपबशीवाल्यांचा. शिट्टीवाल्यांची म्होरकी तबिथाबाई, जिने त्याच्याकडून संडे स्कूलमध्ये पहिलं वचन पाठ करून घेतलं होतं. तिचा निरोप आला होता: उद्या रविवारच्या उपदेशात निवडणूक निघाली, तर माझी माणसं प्रभुभोजनाआधी उठून जातील.

"सरपंच कपबशीचा आहे," शिलास म्हणाला. "आणि शास्त्र स्पष्ट सांगतं, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. रोमकरांस पत्र, तेरावा अध्याय."

"मागच्या खेपेला सरपंच शिट्टीचा होता. तेव्हा काय सांगत होतास?"

"तेव्हा… माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी. प्रेषितांची कृत्ये, पाच."

"दोन्ही वचनं खरी," बाबा कौतुकाने म्हणाले. "पाठांतर चोख आहे हो तुझं. तबिथेची मेहनत."

शिलासला ते झोंबलं. त्याने खिशातून हुकमाचं पान काढलं.

चर्चमध्ये वचनांची एक पेटी होती. नव्या वर्षी घराघराने तिच्यातून एक चिठ्ठी काढायची आणि तिच्यावरचं वचन वर्षभर जपायचं, अशी तिथली रीत.

"मी माझ्या अकलेने नाही चाललो, बाबा. उपास धरला, प्रार्थना केली आणि पेटीत हात घातला. हे बघा! अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. आता बोला."

बाबांनी चिठ्ठी हातात घेतली.

"पहिल्याच खेपेला निघाली?"

शिलास ओसरीवरची लसणाची सालं गोळा करू लागला.

"शिलास."

"तिसऱ्या."

बाबा लसूण सोलत राहिले.

"…नवव्या."

"बाकीच्या आठ कुठायत?"

"खिशात. परत टाकल्या असत्या तर पुन्हा त्याच आल्या असत्या."

"वाच."

पहिली शत्रूवर प्रीती करण्याची निघाली. "ही शिट्टीवाल्यांना लागू आहे." दुसरी डोळ्यातल्या मुसळाची. "ही तर खास तबिथामावशीची!" तिसरी जिभेला लगाम घालण्याची. ती वाचून त्याने इकडेतिकडे पाहिलं. ओसरीवर दोघांशिवाय कोणी नव्हतं.

चौथीला तो गावभर जाणारा आवाज खाली आला. पाचवी त्याने मनातल्या मनात वाचली.

…

बाबांनी नववी चिठ्ठी तोंडात टाकली. दातांशिवाय जमेल तशी चघळली आणि गिळली.

"बाबा! उद्याचं वचन होतं ते!"

"बायबलातल्या एका संदेष्ट्याने तर वचनांची अख्खी गुंडाळी खाल्ली होती. ही केवढीशी!"

"आता मी उद्या बोलू काय?"

"खिशात आठ आहेत की."

"पण त्या सगळ्या…" शिलासने चिठ्ठ्यांकडे पाहिलं. "त्या सगळ्या मलाच लागतायत, बाबा."

बाबांनी लसणाचा हात तसाच त्याच्या पाठीवरून फिरवला.

मग शिलास लहान पोरासारखा फुरंगटून म्हणाला, "आणि मावशी? ती काय साधी आहे? तिनेही काढली असेल चिठ्ठी!"

"अकरा काढल्या. काल येऊन गेली."

"मग तिची अकरावीही खाल्लीत?"

बाबांनी पोटावर हात ठेवला.

"खाल्ली तर खरी… अजून पचलेली नाही."