चादरीमागची मांडी

स्नायू किती कडक आहे याचा आकडा सांगणारं सोनोग्राफीचं यंत्र घेऊन डॉक्टर सबनीस तालमीत आले आणि छाती फुगवून वस्तादांना म्हणाले, "हे कधी चुकत नाही. आता अंगठ्यानं चाचपणाऱ्या हुसेनचाचांना रजा द्या!"

चाचा चाळीस वर्षं पैलवानांना मालिश करत होते. ते म्हणाले, "देतील की. आधी मध्ये चादर बांधू. तिच्याखालून एकेक करून तीन वेळा मांडी पुढे येईल. यंत्र चुकलं नाही, तर मी तेलाची बाटली ठेवून घरी जातो."

डॉक्टरांची नजर स्क्रीनवरून हलेना. पहिल्यांदा त्यांनी यंत्र नुसतं टेकवलं. "अगदीच मऊ! याला रोज पाचशे बैठका!" दुसऱ्यांदा जरा दाबलं. "हा ठीक आहे." तिसऱ्यांदा रंगात येऊन सगळा भार टाकला. "बाप रे, दगड! याची कुस्ती महिनाभर बंद!"

चाचांनी चादर ओढली. मागे एकटा संपत पैलवान केळं खात बसला होता.

"वस्ताद," तो रडवेला होऊन म्हणाला, "मी बैठका मारू, का महिनाभर झोपू?"

डॉक्टर गोरेमोरे झाले. "पण यंत्र उत्तम आहे हो!"

"उत्तमच आहे," चाचा म्हणाले. "फक्त ते संपतची मांडी सोडून तुमचा हात मोजतंय." मग बाटलीचं बूच काढत त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं. "या, आडवे व्हा. आधी तो मऊ करून देतो."