बोचरीची पाठराखीण

डोंगराच्या पायथ्याला कुडाच्या भिंतींचे एक घर होते. त्यात हौशी आणि तिची आई राहत. वडील नव्हते. आई लोकांच्या शेतात राबायची, रानातून मोळी आणायची, तेव्हा चूल पेटायची. मग आई तापाने पडली. दुपार कलली की ताप चढायचा. सकाळी उतरायचा, पण जाताना आईच्या अंगातले थोडे बळ घेऊन जायचा.

हौशी इवलीशी होती, पण कामाला मागे सरणारी नव्हती. ओढ्यावरून कळशी आणायची. आईचे कपाळ पुसायची. नाचणीची आंबील करायची. आई दोन घोट घ्यायची आणि तोंड फिरवायची. शेतातले भात अजून हिरवे होते आणि घरातले तांदूळ संपले होते. हौशी कोणाजवळ रडली नाही.

एके दिवशी दारात ठमाआत्या उभी राहिली. ही हौशीच्या वडिलांची थोरली बहीण. घाटावर राहायची. झाडपाला ओळखण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. उंच, वाळकी बाई. खांद्याला झोळी, झोळीत मुळ्या, साली आणि बिया. तिची औषधे कडू असत, आणि जीभ त्याहून कडू.

"आवतण नव्हतं, तरी आले," ती म्हणाली. "आजाराला कसला मानपान."

नणंद आली म्हणून आई पदर सावरत उठायला लागली. आत्याने तिला दटावून निजवले. मान द्यायचा तो बरी झाल्यावर दे, तेव्हा मी मोजून घेईन, असे सांगितले. मग तिने आईच्या पापण्या उलटून पाहिल्या. जीभ पाहिली, नखे पाहिली. झोळी उघडली, आत बराच वेळ पाहिले, आणि काही न काढता पुन्हा बांधली.

हौशी बांधलेल्या झोळीकडे पाहत राहिली.

आत्याने तिला अंगणात नेले. "हौशे, तू लहान आहेस. पण घरात दुसरं कोणी नाही, म्हणून तुलाच सांगते. हा ताप हाडात मुरलाय. माझ्या झोळीतलं काही त्याला पुरायचं नाही. निळकांडी मिळाली तर तुझी आई उठेल."

ती कुठे मिळते, हौशीने विचारले.

निळकांडी म्हणजे वीतभर उंचीचे नाजूकसे झाड. देठ निळा, पाने चांदीसारखी. ती परीच्या मळ्यातच उगवते. मळा झऱ्यापलीकडे, करवंदीच्या जाळीआड. जाळीतली वाट लहान मुलाच्या उंचीची, मोठ्या माणसाला तिथे शिरता येत नाही. आत्या लहानपणी एकदा जाऊन आली होती. तिने आणलेली निळकांडी घरी पोचेपर्यंत वाळून गेली होती. का वाळली, ते तिला आजवर कळले नव्हते. म्हणून तिने हौशीला बजावले की वाटेत कुठे थांबू नकोस.

मळ्याचे नियमही तिने सांगितले. तिथले झाड लुटून आणायचे नाही. ते पाहुणे असते. आदल्या संध्याकाळी त्याच्या पायाशी हळद लावलेले तांदळाचे दाणे ठेवून त्याला आवतण द्यायचे, आणि दुसऱ्या सकाळी जाऊन आणायचे. एका घराने वर्षात एकालाच बोलवायचे. आणि ज्याला बोलावले त्याला परत फिरवायचे नाही.

घरात तांदळाचा दाणा नाही, असे हौशी खाली मान घालून म्हणाली. आत्याने चिमूटभर नाचणी घेतली, तिला हळद चोळली आणि हौशीच्या मुठीत दिली. "झाडाला मान लागतो. तो नाचणीनंही देता येतो."

संध्याकाळी हौशी करवंदीच्या जाळीत शिरली. काट्यांनी पोलके फाडले. गुडघे खरचटले. मग जाळी संपली.

समोर मळा होता. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, जांभळी मंजिरी, सगळे हलके हलके डुलत होते. पानापानावर थेंब होते, आणि थेंबाथेंबात एक पिटुकला दिवा होता. अळवाच्या पानावर बोटभर उंचीची परी बसली होती. चतुराच्या पंखांसारखे तिचे पंख झिरमिरत होते. अंगावर पोपटी लुगडे, नाकात दवाची नथ.

परीने विचारले, तू कोणाची, आणि इथे कशाला आलीस. हौशीने सांगितले. परीने सगळे ऐकून घेतले.

"इथलं झाड पाहुणं होऊन गेलं की एक इच्छा पुरी करतं," परी म्हणाली. "पण त्याच्याजवळ असेल तेच देतं. आणि ज्याला बोलावशील त्याच्याकडेच मागायचं. दुसऱ्याकडे नाही."

हौशीने मान हलवली. परीने काळ्या दगडाकडे बोट दाखवले. दगडाजवळ एक बारीकसा देठ दिसत होता. उजेड ओसरत चालला होता आणि हौशीचे डोळे भरले होते. तिने देठाच्या पायाशी दाणे ठेवले, हात जोडले. "उद्या आमच्या घरी या," ती म्हणाली, आणि अंधार पडायच्या आत घराकडे पळाली.

सकाळी मळा दवात न्हाऊन निघाल्यासारखा होता. हौशी काळ्या दगडाशी गेली आणि जागच्या जागी थबकली.

दाणे बोचरीच्या पायाशी होते.

बोचरी म्हणजे काटेरी झुडूप. लुगड्याच्या काठाला ती अडकते आणि बाया तिला शिव्या देतात. गुरे तिला तोंड लावत नाहीत. कोणत्या औषधात ती पडत नाही. तिला कोणी कधी घरी नेले नव्हते. निळकांडी तिथेच होती, अगदी बोचरीच्या काटेरी फांदीखाली. सांजेच्या उजेडात हौशीने शेजारचाच देठ निळकांडीचा समजला होता.

आणि बोचरी नटून बसली होती.

तिने आपली पाने दवाने धुतली होती. काटे आत दुमडून घेतले होते. शेंड्यावर डाळीएवढे पिवळे फूल उमलवले होते. परी म्हणाली की बोचरीला आजवर फूल आलेले तिने पाहिले नव्हते.

मग परीचा आवाज खाली आला. "हौशे, सूर्य अजून मळ्यात उतरलेला नाही. दाणे उचलून टीचभर पलीकडे ठेवलेस, तर आवतण निळकांडीला लागेल. मी अडवणार नाही."

हौशी दगडाशी खाली बसली. तिच्या डोळ्यांपुढे आईचे सुकलेले ओठ आले. तिने दाणे वेचले. हात निळकांडीकडे गेला.

बोचरीने फूल खाली झुकवले. एक एक काटा पुन्हा बाहेर काढला. लग्नाला निघालेल्या माणसाला गाडी गेली असे कळावे आणि त्याने नवी टोपी उतरवून खुंटीला ठेवावी, तसे ते झाले.

हौशीचा हात थांबला. मग तिने दाणे उचलले होते तिथेच परत ठेवले.

"चूक माझी आहे," ती बोचरीला म्हणाली. "मला तुझ्या शेजारणीला बोलवायचं होतं. पण बोलावलं तुला. तर तू चल. माझी आई फार आजारी आहे गं. तुझ्याजवळ काही असेल तर तिला दे. नसेल तर नुसती आमच्या अंगणात राहा. आमच्याकडे तुला कोणी शिव्या देणार नाही."

तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते. ते तिने पुसले नाही. हात कामाला लागले होते. पाहुणी तोडून न्यायची नाही, मुळासकट न्यायची, एवढे तिला कळत होते. ती बोटांनी माती उकरू लागली. बोचरीने काटे आवरून धरले, तरी काही बोचलेच. बोटांच्या टोकांना रक्ताचे लालचुटूक मणी आले. हौशीने हात काढला नाही.

मातीचा गड्डा सुटला, तेव्हा पलीकडची निळकांडी हलली. हौशी घाबरली. तिने माती परत लोटली. दोघींची मुळे एकमेकींत गुंतलेली होती. ती हळूच सोडवायला गेली, तर निळकांडीचे मूळ बोचरीला आणखी घट्ट बिलगले.

परी हसली. पैंजण वाजावे तसे ते हसू होते. "ओढू नकोस. ती आपण होऊन येतेय."

मग परीने सांगितले. निळकांडी कोवळी असते. ससे आणि भेकरे तिला टिकू देत नाहीत. ती बोचरीच्या काट्यांआड लहानाची मोठी झाली. न्यायला येणारे तिला एकटीला नेत. ती जाई, पण वाटेतच झुरून वाळे. आज बोचरी पहिल्यांदा घराबाहेर निघाली होती.

"मुलगी लग्न होऊन पहिल्यांदा सासरी निघाली, की तिला एकटं वाटू नये म्हणून सोबत कोण जातं?" परीने विचारले.

"पाठराखीण," हौशी म्हणाली.

"पाठराखिणीला वेगळं आवतण लागतं का?"

हौशीने मान हलवली. "नाही," ती म्हणाली.

"मग नियम मोडला नाही. तू एकीलाच बोलावलंस, दुसरी तिची म्हणून आली. तू बोचरीकडे मागितलंस ना, असेल ते दे म्हणून? तिच्याजवळ एक मैत्रीण होती. ती तिनं दिली."

पाहुणीला दारापर्यंत पोचवायचे हे परीचे काम होते. ती डाळीएवढी होऊन पिवळ्या फुलात जाऊन बसली आणि तिने पंख मिटले. हौशीने दोघींचा गड्डा परकराच्या ओच्यात घेतला आणि ती जाळीतून निघाली.

ठमाआत्या उजाडल्यापासून उंबऱ्यात उभी होती. तिला आधी बोचरीच दिसली. तिचा चेहरा उतरला. "अगं, हे काय उचलून आणलंस? हिला गाढवसुद्धा विचारत नाही."

हौशीने धापा टाकत सगळे सांगितले. आत्या खाली बसली, तिने काटे बाजूला केले, आणि तिला निळा देठ दिसला. ताजा, टवटवीत. निळकांडीला हात लावण्याआधी आत्याने बोचरीला नमस्कार केला.

"या," ती म्हणाली. "घर गरीब आहे, पण आपलंच समजा."

दोघींना अंगणात, पाण्याच्या घंगाळाशेजारी, एकाच खड्ड्यात लावले. पाणी घातले. मग आत्याने निळकांडीला विचारून तिची थोडी पाने खुडली. मुळाला धक्का लावला नाही. चुलीवर काढा उकळला. त्याची वाफ निळी होती आणि वाफेत बारीक चांदण्या चमकत होत्या. आत्याने आईला तो घोट घोट पाजला आणि तिचे मनगट धरून बसून राहिली.

दुपार कलली. ही तापाची वेळ. दाराची सावली जमिनीवरून सरकत होती आणि हौशी सावलीकडे पाहत होती. सावली चुलीपाशी गेली. भिंतीवर चढली. ताप आला नाही. आईच्या कपाळावर घाम फुटला. आत्याने हौशीला जवळ बोलावून तिचा तळवा आईच्या कपाळावर ठेवला. कपाळ ओढ्यातल्या दगडासारखे गार होते.

आईने डोळे उघडले. "हौशे," ती म्हणाली, "मला भूक लागलीये."

आत्याने मनगट सोडले. आल्यापासून तिने पाठ टेकली नव्हती. ती भिंतीला टेकून बसली आणि तिने एवढा मोठा श्वास सोडला, की चुलीतली राख उडाली. मग तिने फर्मावले, नाचणीची पातळ पेज द्या. बाकी काही नाही.

आई म्हणाली, सोबत ठेचा हवा.

"उठून बसता येत नाही, आणि ठेचा पाहिजे."

"वन्सं, तुमच्या काढ्यानं तोंड कडू केलंय. ते कशानं धुऊ?"

आत्या म्हणाली, कडू होते म्हणूनच तू बोलते आहेस. आई म्हणाली, मग निदान मिरची तरी दाखवा. हौशी दोघींच्या मध्ये बसून हसायला लागली. हसता हसता तिला रडू आले, आणि पुन्हा हसू आले. आईने तिला ओढून पांघरुणात घेतले.

अंगणात परी पिवळ्या फुलातून हे भांडण ऐकत होती. ज्या घरात नणंद-भावजय जेवणावरून भांडतात, त्या घरातून आजार निघून गेलेला असतो, हे तिला माहीत होते. ती फुलात उभी राहिली. तिने पंख पसरले. पिवळा, मग पोपटी, मग निळाशार उजेड उंबऱ्यावरून आत आला. तो मडक्यांवरून गेला, कुडाच्या भिंतींवरून गेला, आईच्या चेहऱ्यावर क्षणभर थांबला. घर दिव्यासारखे आतून उजळले. मग उजेड आभाळात विरून गेला. फूल रिकामे होते आणि हळूच डुलत होते.

आत आत्या ठेचा कुटत होती. मिरची एकच घेतली होती, तीही लहान.